कापसाच्या वाटेने मुंबई



आपल्या भागात माणूस एकटा मुंबईला निघाला की गाव तीनच कारणे धरते. मोठा दवाखाना, मंत्रालयात अडकलेले काम, नाही तर पोराच्या नोकरीची खटपट. चौथे कारण कोणाला सुचत नाही. गेल्या श्रावणात मी खांद्याला पिशवी लावून शेगाव स्टेशनावर रात्रीच्या गाडीची वाट पाहत उभा होतो, तेव्हा भेटलेल्या ओळखीच्या माणसांनी आवाज खाली आणून विचारले, "काय साहेब, घरी सगळं ठीक हाय ना?"

मी म्हटले, "सगळे ठीक आहे. मुंबई पाहायला चाललो."

"यवढ्या पावसात? अन् यकलेच?"

मी काही तरी दुखणे लपवतो आहे, अशी त्यांची खात्री झाली. एकाने तर परत आल्यावर घरी येऊन माझी नाडी पाहावी तसे माझ्या तोंडाकडे पाहिले. त्यांचाही दोष नाही. शेतकऱ्याच्या घरात कामाशिवाय गाव सोडणे हे आजारपणाचेच लक्षण समजतात.

खरे म्हणजे मुंबई मला नवी नव्हती. तीस वर्षे कृषी विस्ताराच्या कामात गेली. शेतकऱ्यांचे अभ्यास दौरे घेऊन मी तिथे चार-पाच वेळा गेलो आहे. पण दौरा म्हणजे काय, हे तुमच्यापैकी जे आले आहेत त्यांना ठाऊक आहे. पन्नास माणसे, एक बस आणि माझ्या हातात नावांची यादी. बसमधून उतरताना मोजायचे, चढताना मोजायचे. राणीच्या बागेतली मला आठवण आहे ती एवढीच : "अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास... पन्नासावा कुठे आहे?" पन्नासावा हत्तीपुढे उभा होता. तो खरी मुंबई पाहत होता, आणि मी त्याला रागावून बसमध्ये बसवला.

एकदा प्रशिक्षणासाठी माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेतही गेलो होतो. १९२४ सालापासून तिथे कापसाचा धागा तपासतात. धाग्याची लांबी, ताकद, तलमपणा, सगळे शिकून घेतले आणि प्रशिक्षण संपले त्याच रात्रीची गाडी पकडली. मुंबई पाहायची राहूनच गेली.

मग या वेळी एकट्याने का गेलो, ते सांगतो. त्यासाठी माझ्या वडिलांची गोष्ट सांगावी लागेल.

आमची शेती खामगाव तालुक्यातली. बाबांनी जन्मभर कपाशी पेरली. मी लहान असताना दिवाळी झाली की गाडी भरायची आणि पहाटे खामगावच्या बाजाराला निघायचे. बोदऱ्यात कापूस तुडवून भरताना मी वर उड्या मारायचो. गाडी रिकामी झाली, पट्टी हातात पडली, की बाबा गूळ-शेंगदाणे घ्यायचे आणि परतीच्या वाटेवर हमखास म्हणायचे, "इथून पुढं हा जाते कुठं, काय माईत."

मी बी.एस्सी. ॲग्रिकल्चर होऊन नोकरीला लागलो, तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न हाच विचारला. "काय रे बापू, तू तं आता कापसाचा साहेब झाला. आपला कापूस शेवटी जाते कुठं?" मी घाईत होतो. म्हटले, "बाबा, ते पणनचे खाते. आमचे खाते वेगळे." पुढेही त्यांनी दोन-तीनदा विचारले. मी कधी "गिरणीत" म्हटले, कधी "परदेशात". माणसाला उडवून लावायला एक शब्द पुरतो. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेराव्यानंतर त्यांची पेटी उघडली, तर आत कापसाच्या जुन्या पट्ट्या सुतळीने बांधून वर्षवार ठेवलेल्या. १९७२ साली एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्या पहिल्या हंगामाचीही पट्टी होती. वजन, दर, रक्कम, सगळे लिहिलेले. पुढचे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते.

तेव्हापासून मनात होते की एकदा त्या कापसाच्या मागे मागे जाऊन पाहावे. सौभाग्यवतीला म्हटले, चल. तिचे गुडघे दुखतात. ती म्हणाली, "पावसात जिने चढायला मला नका नेऊ. तुम्ही जा, नीट पाहा आणि आल्यावर मला सांगा. पण रोज रात्री फोन करा."

श्रावणाचा पहिला पंधरवडा मी मुद्दाम निवडला. पेरणी, खत, निंदण, डवरणी आटोपलेली असते. कपाशीला पात्या लागत असतात आणि फवारणीची धावपळ अजून अंगावर आलेली नसते. तिकडे मुंबईतही पाहुण्यांचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. पावसाळ्यात लॉजवाला दर उतरवतो आणि वर चहाही विचारतो. हंगाम नसताना बाजारात गेलेल्या गिऱ्हाइकाशी दुकानदार नीट बोलतो, तसाच हा प्रकार आहे.

सकाळी सातच्या सुमारास गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचली. आजवर तिथे उतरलो की मी खाली मान घालून, बॅगा सांभाळत बाहेर पडायचो. या वेळी घाई नव्हती. समोरच्या फुटपाथवर छत्री धरून उभा राहिलो आणि वर पाहिले. १८७८ साली सुरू झालेले हे बांधकाम दहा वर्षे चालले होते. दगडात पाने, फुले, मोर, माकडे कोरलेली आहेत. त्यातले पुष्कळ नक्षीकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे. मधल्या घुमटावर 'प्रगती'ची मूर्ती आहे, आणि खालच्या त्रिकोणी शिखरांवर व्यापार, यंत्रविद्या अशा मूर्ती आहेत. त्यांच्याच रांगेत एक मूर्ती 'शेती'ची आहे.

मंडळी, मला तिथल्या तिथे लाज वाटली. तीस वर्षे मी शेतीखात्याचे मीठ खाल्ले, आणि तीस वर्षे शेतीच्या पायाखालून मान खाली घालून गेलो. कोणी सांगितले नव्हते असे नाही. मी वरच पाहिले नव्हते.

दादरच्या साध्या लॉजवर पिशवी टाकली, अंघोळ केली आणि लोकलने भायखळ्याला गेलो. स्टेशनापासून राणीची बाग पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तिचे नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लोक आत शिरले की पेंग्विनकडे पळतात. मी झाडांकडे गेलो. ही बाग १८६० च्या सुमारास वनस्पतींसाठीच मांडलेली. गोरखचिंचेचे खोड पाहा, चार माणसांच्या कवेत येणार नाही. कैलासपती पाहा. उर्वशीचे झाड पाहा, आपल्याकडे ते सहसा दृष्टीस पडत नाही. पावसाने सगळे धुऊन निघाले होते आणि बाकांवर माझ्याशिवाय कोणी नव्हते. एका झाडापाशी मी अर्धा तास बसलो. दौऱ्यात अर्ध्या तासात आम्ही पूर्ण बाग 'करायचो'.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय. २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी उघडले. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांनी त्यासाठी खटपट केली, वर्गणी जमवली. आत पाऊल टाकले की लोखंडी खांब, सोनेरी नक्षी आणि उंच छत पाहून माणूस आपोआप हळू बोलू लागतो. मध्ये इमारत मोडकळीला आली होती. २००३ ते २००८ या काळात तिची मोठी दुरुस्ती झाली. महानगरपालिका, वारसा जपणारी इन्टॅक संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून ते काम केले. जमनालालजी म्हणजे आपल्या वर्ध्याचे, तेव्हा तेवढे नाते आपले आहेच.

वरच्या मजल्यावर मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. जुन्या काळची माणसे, त्यांचे पोशाख, त्यांची पागोटी, त्यांचे धंदे. मी प्रत्येक कपाटापाशी थांबलो. राजेरजवाड्यांची चित्रे आपण पुष्कळ पाहतो, पण काचेच्या कपाटात आपल्यासारखा कष्ट करणारा माणूस बसलेला पाहिला की वेगळेच वाटते. एका पागोट्याची तऱ्हा पाहून मला आजोबा आठवले. पहारेकरी दोनदा माझ्याजवळून गेला. तिसऱ्यांदा त्याने विचारले, "मास्तर आहात का?" मी म्हटले, "नाही, शेतकरी आहे." तो म्हणाला, "मग बसा निवांत. आज गर्दी नाही."

पण मला खरा धागा सापडला तो या इमारतीच्या इतिहासात. पायाचा दगड १८६२ साली बसला आणि उद्घाटन झाले १८७२ साली. मधली दहा वर्षे काय झाले? कापूस झाला! नीट ऐका.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मग त्यांनी इकडे तोंड वळवले. गुजरात, खानदेश, वऱ्हाड इथल्या कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. तेव्हा आपल्याकडे रेल्वे पुरती पोचलीही नव्हती, नागपूरला ती १८६७ साली आली. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. ज्या बँका पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या त्या बुडाल्या. संग्रहालयाचे पैसेही आटले आणि पुढे सरकारला काम हातात घ्यावे लागले. म्हणजे ज्या भिंतीला टेकून मी उभा होतो, तिचे बांधकाम अडले तेही कापसापायीच.

बाहेर अंगणात दगडी हत्ती आहे, तोही पाहायला विसरू नका. हा घारापुरीचा. साहेब लोकांनी १८६४ साली तो विलायतेला न्यायचे ठरवले, पण उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे १९१४ साली ते सांधून त्याला उभा केला. आमचा पन्नासावा याच हत्तीपुढे उभा होता. मी त्याची मनोमन माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी काळाघोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. १९०५ साली पायाभरणी, १९२२ साली लोकांना खुले, मधल्या काळात पहिल्या महायुद्धात इमारतीचा दवाखाना झाला होता. विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला घुमट लांबूनच दिसतो. सगळे एका दिवसात पाहण्याचा हट्ट मी धरला नाही, दोनच दालने निवडली. सिंधू संस्कृतीच्या वस्तूंपुढे पुष्कळ वेळ उभा होतो. मोहेंजोदडोच्या उत्खननात एका चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला होता, हे मी कॉलेजात शिकलो होतो. चार हजार वर्षांहून जुना धागा. परीक्षेत त्याला दोन गुण होते, म्हणून पाठ केला. आता त्याच लोकांच्या हातची मातीची भांडी काचेपलीकडे पाहताना पहिल्यांदा डोक्यात आले की तेव्हाही कोणी तरी पेरले असेल, कोणी तरी निंदले असेल, आणि वेचताना कोणाच्या तरी बोटांना बोंडाची टोके लागली असतील.

तिथून पायी ओव्हल मैदानावर आलो. पाऊस थांबला होता, पोरे चिखलात फुटबॉल खेळत होती. समोर विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. उंची २८० फूट. १८६९ साली काम सुरू झाले, १८७८ साली पुरे झाले. पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी, आणि टॉवरला नाव दिले आपल्या आईचे. हे प्रेमचंद शेठ कापसाचे मोठे दलाल होते. तेजीत वर चढले, १८६५ च्या मंदीत बुडाले, पण दानाचा शब्द त्याआधी दिलेला होता आणि त्यातून हा टॉवर उभा राहिला. शेठजींचे उपकार मी नाकारत नाही. शाळा-पुस्तकांसाठी पैसा देणारा माणूस मोठाच. पण बाकावर बसून त्या घड्याळाकडे पाहताना बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. बाबा, आपला कापूस इथे येत होता. गाठींतून जहाजात, जहाजातून विलायतेत, आणि जाता जाता इथे दगड होऊन उभा राहत होता.

आणि ज्याने तो पिकवला त्याचे काय झाले? तेजीत सावकाराने हात सैल सोडला होता. भाव पडले, सारा मात्र उतरला नाही. १८७५ साली पुणे-नगर भागात सुप्यापासून सुरुवात होऊन शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढून जाळले. दुष्काळ, सारा, कर्ज अशी त्याची कारणे अनेक होती, पण कापसाची ही तेजी-मंदी त्यांतले एक मोठे कारण होते. एकाच पिकाचे शहरात घड्याळ झाले आणि खेड्यात रोखा झाला. मी सभांमधून तुम्हाला वाण सांगितले, खत सांगितले, फवारणीचे प्रमाण मिलिलिटरमध्ये सांगितले. हे मात्र कधी सांगितले नाही, कारण मलाच ठाऊक नव्हते. चढत्या भावाच्या जोरावर कर्ज काढू नका, असे तोंडी म्हणत होतो, पण त्यामागे दीडशे वर्षांचा दाखला आहे हे त्या बाकावर बसून कळले.

तिसरा दिवस रविवार. हार्बरच्या गाडीने कॉटन ग्रीनला उतरलो. स्टेशनाचे नावच कापसाचे. पूर्वी कुलाब्याला कापसाच्या गंजी लागत, पुढे तो बाजार इकडे आणला. जुनी गोदामे अजून उभी आहेत. मग परळ-लालबागकडे चालत निघालो. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली, आणि नंतर हा सगळा भाग गिरणगाव झाला. १९८२ च्या जानेवारीत अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. आता तिथे काचेच्या उंच इमारती आहेत, मध्येच एखादे एकटे धुराडे. एका टपरीवर चहा घेतला. शेजारी बसलेले म्हातारे गृहस्थ साच्यावर काम केलेले निघाले, मूळचे कोकणातले. मी खामगावचा म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे तुम्ही पाठवायचात आणि आम्ही विणायचो." आम्ही दोघे थोडा वेळ काही बोललो नाही. चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

रोज रात्री घरी फोन केला. पहिल्या रात्री सौभाग्यवतीने विचारले, "जेवलात का?" तिसऱ्या रात्री विचारले, "पुढं काय पाहिलं?" परत आल्यावर तिला सगळे सांगायला चार संध्याकाळी लागल्या. आता म्हणते, गुडघ्यांना तेल लावीन, पण तो हत्ती आणि ते घड्याळ मला दाखवा.

तुम्हाला जायचे असेल तर अनुभवाचे चार शब्द. एकटे जा, निदान एकदा तरी. सोबत असली की माणूस सोबत्याला सांभाळतो, शहर पाहत नाही. दिवसाला एक ठिकाण धरा, फार तर दोन. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, आणि निघण्यापूर्वी कोणाकडून तरी उघडे असल्याची खात्री करून घ्या. पावसाळ्यात रबरी चपला आणि मोठी छत्री न्या. फार मुसळधार असेल तर लोकलच्या भरवशावर राहू नका, लॉजवरच पेपर वाचत बसा, तोही सहलीचाच भाग आहे. खिशात लहान वही ठेवा. पाटी वाचून समजले नाही तर पहारेकऱ्याला विचारा. तो दिवसभर त्या वस्तूंपाशीच असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही.

गावी आलो त्या संध्याकाळी पारावर बाबांचे जुने सोबती बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. बाबांबरोबर यांचीही गाडी खामगावला जायची. मी त्यांना सगळे सांगितले. अमेरिकेची लढाई, प्रेमचंद शेठ, टॉवर, घड्याळ. त्यांनी डोळे मिटून ऐकले. मग म्हणाले,

"म्हंजे घड्याळ आपल्या कापसाचं, अन् टाइम त्याह्यचा."

मी म्हटले, "तसेच म्हणा."

"तुया बापाले सांगाले पाहिजे होतं रे."

पाहिजे होते. ते आता होणे नाही. म्हणून तुम्हाला सांगतो आहे. घरात कोणी म्हातारा माणूस वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारत असेल, तर त्याला एका शब्दात उडवून लावू नका. डवरणी आटोपली की तीन दिवस काढा, त्या प्रश्नामागे जा, आणि तो माणूस ऐकायला आहे तोवर परत या.